मदत हवी आहे: बातमीचा मूळ स्रोत कसा शोधावा?

एकच बातमी अनेक ठिकाणी वाचली, तरी पुष्कळदा तो मजकूर रॉयटर्ससारख्या एकाच वृत्तसंस्थेकडून जसाच्या तसा उचललेला असतो, आणि ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ यापलीकडे त्याला आधार दिलेला नसतो. इराककडील कथित संहारक अस्त्रांविषयीचे आपले काही वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते, हे न्यूयॉर्क टाइम्सने मे २००४ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन वर्ष उलटल्यावर, मान्य केले. मूळ बातम्या पहिल्या पानावर झळकल्या होत्या. कबुली मात्र आतल्या पानावर आली, आणि मला हेच अधिक गंभीर वाटते. बातमी ताजी असतानाच तिचा उगम कसा शोधावा, आणि संकेतस्थळावर मागाहून गुपचूप बदललेला मजकूर कसा ओळखावा? जाणकारांनी, विशेषतः वृत्तकक्षात काम केलेल्यांनी, कृपया मार्गदर्शन करावे.