महिन्याचा किराणा कसा पुरवता? खरे आकडे, खरे अनुभव

परभणी, धागा सुरू करणारी

आमच्या घरात सहा माणसं. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन लेकरं. लग्न झाल्यापासून किराण्याची वही मीच लिहिते. परवा माळा आवरताना जुनी वही हाताला लागली. 2019 च्या जूनचा किराणा 4,340 रुपये. या जूनचा 8,115. दूध, भाजी, गॅस यात धरलेलं नाही. यजमानांचा पगार मधल्या काळात काही दुप्पट झाला नाही. तुमच्याही घरी झाला नसेल.

म्हणून हा धागा. 'काटकसर करा' हे सगळेच सांगतात, ते नको. तुम्ही नेमकं काय केलं, त्यानं किती वाचले, काय करून पाहिलं आणि जमलं नाही, ते लिहा. आणि एक विनंती. कुणाच्या ताटातलं कमी केलं असेल तर तेही लपवू नका.

सुरुवात माझ्यापासून. आमचा खर्च तेलावर होता. 15 किलोचा डबा सव्वादोन महिन्यांत संपायचा, म्हणजे माणशी महिन्याला किलोच्या वर. डॉक्टर अर्धा किलो सांगतात. मी दर रविवारी एक किलो तेल वेगळ्या बाटलीत काढायला लागले, शनिवारपर्यंत तेवढंच. पहिल्या आठवड्यात गुरुवारीच बाटलीचा तळ दिसला. कारण एकच, तर्री. सासऱ्यांना वांग्याच्या रश्श्यावर बोटभर तर्री दिसली नाही तर भाजी झाली असं वाटतच नाही.

वाट काढली सासूबाईंनी. त्यांच्या माहेरी वर्षाचं येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळ-मसाल्याचं पीठ, करून ठेवायचे, आमच्याकडे ते मागेच सुटलं होतं. त्यांनी पुन्हा केलं. रश्श्याला उकळी आली की दोन चमचे येसर पाण्यात कालवून सोडायचं. रस्सा दाट होतो, भाजलेल्या डाळीचा आणि खोबऱ्याचा वास सुटतो, आणि निम्म्या तेलात भाजी पोटभरीची लागते. सासऱ्यांनी चार दिवस ताटाकडं बघून घेतलं. आता येसर नसलं की विचारतात. डबा साडेतीन महिने जातो. महिन्याला साडेतीनशे रुपये वाचले, आणि पोटालाही बरं.

लातूर, मोंढ्याजवळ

आमचा मार्ग डाळीचा. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात येते, तेव्हा आम्ही वर्षाची तूर घेतो, डाळ घेत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत क्विंटलला 7,200 च्या भावानं 50 किलो घेतली. 3,600 रुपये तुरीचे, भरडाई आणि ने-आण धरून आणखी 300. डाळ निघाली 34 किलो. म्हणजे 115 रुपये किलो. दुकानात त्या वेळी दहा-पंधरा रुपयांनी जास्त होती. फार वाचले असं नाही, पण वर्षभर भावाची धास्ती राहत नाही. शिवाय निघालेली चुनी, म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफल, आम्ही जाऊबाईंच्या म्हशीला देतो, त्या आठवड्याला ताक पाठवतात.

कृती सांगते, कारण आता शहरात कुणी करत नाही. तूर चाळून घ्यायची, पाण्याचा हात लावायचा, लाल माती चोळायची आणि रात्रभर ढीग झाकून ठेवायचा. मग कडक ऊन, दोन-तीन दिवस. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे, तेव्हाच गिरणीवर न्यायची. पहिल्या वर्षी आभाळ आलं आणि मी घाई केली. टरफल सुटलंच नाही, निम्मी डाळ तशीच काळपट शिजवून खाल्ली. भरडून आणलेल्या डाळीला एरंडेलाचा हात लावून कोठीत भरते. दिवाळीनंतरही पोरकिडे होत नाहीत.

धास्ती का म्हणाले, तर 2015 ची दिवाळी आठवते. तूरडाळ किलोला 200 वर गेली होती. आम्ही आठवड्यातून दोनदाच वरण करायचो. आणि 2017 मध्ये भाव हमीभावाच्या खाली पडला, तेव्हा हीच तूर घेऊन माझे मामा खरेदी केंद्रासमोर नऊ दिवस ट्रॅक्टर लावून झोपले. बारदाना नाही म्हणून माप होत नव्हतं. डाळ महागते तेव्हा आम्ही कमी खायचं आणि स्वस्त होते तेव्हा मामांनी रस्त्यावर झोपायचं, हे दोन्ही मी एकाच घरात बघितलंय. त्यामुळं तूर घेताना मी भावासाठी फार ओढून धरत नाही.

बीड, कोयत्यावरच्या घरातली लेक

आमच्या घरचे दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्याकडं जातात, पाडव्याच्या सुमारास माघारी. मी दोन हंगाम त्यांच्यासोबत फडाजवळच्या झोपडीत, कोपीत राहिले. फडाजवळचं दुकान म्हणजे सगळं पुडीत. तेलाची पुडी, मिरचीची पुडी, चहापत्तीची पुडी. रोजचं रोज आणायचं, उधार लिहायचं आणि हिशेब उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून वळता व्हायचा. मी तेव्हा नववीत होते. महिनाभर रोजची पुडी वहीत मांडली. पुड्यांच्या तेलाला जेवढे गेले तेवढ्यात पाच किलोचा डबा आणि वर साखर आली असती. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई, डब्याचे पैसे एकदम हातात कवा असतात?" खरं होतं. गरिबाला महाग पडतं ते याच्यामुळं.

पुढच्या हंगामाला उचल मिळाली त्याच दिवशी बाजार केला. बाजरीची दोन पोती, मीठ, तेलाचा डबा, कारळाची चटणी, खारोड्या, सगळं ट्रॅक्टरवर चढवलं. दुकानाचं देणं निम्म्यावर आलं.

दुसरं म्हणजे रेशन. कार्ड गावचं असलं तरी धान्य दुसऱ्या जिल्ह्यात घेता येतं, हे आमच्या टोळीत निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. फुकटचं माणशी पाच किलो गावातच पडून राहायचं आणि आम्ही तिकडं विकत घ्यायचो. पण एक अडचण आली. उसाच्या पाचटानं आईच्या बोटांच्या रेघा गेलेल्या, मशीन अंगठाच घेईना. तीन हेलपाटे झाले, तीन दिवसांची मजुरी बुडाली. शेवटी भावाचा अंगठा लागला. घरातल्या एकाच्याच भरवशावर राहू नका, कार्डावरच्या सगळ्यांचं आधार जोडून आणि तपासूनच गाडीत बसा.

हिंगोली

जमलं नाही ते सांगतो. 'जास्त घ्या, स्वस्त मिळेल' म्हणून रवा, मैदा, शेवया असं तीन महिन्यांचं एकदम भरलं. पावसाळा होता. रव्यात जाळी झाली, शेवया ओल धरून गेल्या. साडेसहाशेचं नुकसान. आता धान्य आणि डाळ वर्षाची, दळलेलं-भरडलेलं पंधरा दिवसांचं.

जालना

तुम्ही ताटातलं विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

माझा किराणा बरोबर पुरायचा. सगळे कौतुक करायचे. कसा पुरायचा, तर मी शेवटी जेवायचे. भाजी उरली तर भाजी, नाहीतर भाकरी, चटणी आणि तेल. दूध लेकरांना आणि ह्यांना, मला कोरा चहा. डाळ घट्ट सगळ्यांना वाढायची आणि खाली राहिलेल्यात पाणी घालून मी घ्यायची. मी यात काही वेगळं करतेय असं वाटलंच नाही, आईनं पण हेच केलं. दोन वर्षं अशी गेली. मग जिना चढताना धाप लागायला लागली, एकदा नळावर चक्कर येऊन पडले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. गोळ्या, सलाईन, दोन महिन्यांच्या तपासण्या, साडेनऊ हजार गेले. दोन वर्षांत मी माझ्या पोटातून वाचवले त्याच्यापेक्षा जास्त.

अजून नीट बसलेलं नाही सगळं. विचारते, तुमच्याकडं बायका कधी जेवतात?

परभणी, धागा सुरू करणारी

ताई, बरं झालं लिहिलंत. आमच्याकडेही शेवटी जेवायची पद्धत होती. ती मोडायला मला सहा वर्षं लागली. मी एकच केलं, वाढून द्यायचं काम बंद केलं. पातेली मधे ठेवायची आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. भाजी कमी असेल तर ती सगळ्यांना दिसते, कमी पडते ती सगळ्यांना पडते. पहिल्या महिन्यात यजमान स्वतःहून म्हणाले, अर्धा किलो डाळ जास्त आणू. ते आधी कधी म्हणाले नव्हते, कारण डाळ कमी पडते हे त्यांना माहीतच नव्हतं.

छत्रपती संभाजीनगर, वाळूज

कंपनीत आहे, खोली भाड्यानं. आमच्या वाड्यात तीन कुटुंबं. आम्ही गहू आणि तांदूळ एकत्र आणतो. 2022 च्या जुलैपासून पाकीटबंद धान्य, डाळ, पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो, पण 25 किलोच्या वरच्या पोत्याला लागत नाही, सुट्ट्यालाही लागत नाही. पाच-पाच किलोच्या पिशव्या घेण्यापेक्षा 30 किलोचं पोतं जाधववाडीच्या मोंढ्यातून उचलतो आणि घरी काट्यावर तीन वाटे करतो. कर वाचतो, भावातही वाचतं ते वेगळं.

दुसरं, पाकिटावरचं वजन वाचायची सवय लावा. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. आता तेवढ्याच दिसणाऱ्या पाकिटात कुठं 850, कुठं 750 ग्रॅम असतं. बायको किंमत बघून स्वस्त पाकीट आणायची, ते किलोमागं महाग पडायचं. दर ग्रॅमचा भाव पाकिटावर बारीक अक्षरात छापलेला असतो, तो बघून घ्या.

उदगीर, शेतकरी

सगळे घेणाऱ्याच्या बाजूनं लिहायलेत, मी विकणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. पण किराणा मलाही भरावाच लागतो.

2024 च्या सप्टेंबरात बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के झालं. तेलाचं पाकीट लगोलग महागलं. आम्हाला वाटलं, आता सोयाबीनला भाव येईल. हमीभाव होता क्विंटलला 4,892. माझं सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर 4,150 नं गेलं. पैसे घेतले, त्याच बाजारातून तेलाचा डबा घेतला आणि गावाकडं आलो. त्या दिवशी रात्री जेवण गेलं नाही.

पूर्वी आमच्याकडं रब्बीत करडई असायची, घरचं तेल घरच्या घाण्याचं. सोयाबीन आलं आणि करडई गेली, काट्यांमुळं काढायला कुणी येईना. त्या वर्षी मी वीस गुंठे करडई पुन्हा पेरली. हातमोजे घालून घरच्या घरी काढली. दोन क्विंटल झाली. घाण्यावर क्विंटलला 28 किलो तेल पडलं, पेंड बैलांना. वर्षाच्या तेलाला 56 किलो आम्हा पाच जणांना पुरून दहा किलो बहिणीला गेलं. कोवळी असताना पाल्याची भाजी खाल्ली ती वेगळीच. ज्वारीचंही तसंच केलं, एकरभर घरापुरती, कडबा जनावरांना. सगळं रान सोयाबीनला द्यायचं आणि भाकरी विकत खायची, हे काही मला पटेना.

लातूर, खानावळ चालवणारी

माझ्याकडं क्लासची चाळीस पोरं जेवतात. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला 150 झाला तेव्हा डब्याचा दर वाढवला असता तर निम्मी पोरं गेली असती. टोमॅटो पूर्ण बंद केला. आमटीला चिंच, भाजीला दही, नाहीतर अंबाडी. पोरांनी विचारलंसुद्धा नाही. पण डाळ एक वाटीही कमी केली नाही. ही लेकरं दिवसाला बारा तास बसून अभ्यास करतात, त्यांच्या आईनं माझ्या भरवशावर पाठवलेलं असतं.

धाराशिव, आजी सांगते आणि नातू टाइप करतो

आजी म्हणते, तुम्ही सगळे बाजारातच शोधायलेत, बांधाकडं बघा की. पहिला पाऊस झाला की तांदुळजा, घोळ, कुर्डू, तरोटा फुकट उगवतं. फवारलेल्या रानातलं तोडायचं नाही, एवढं बघायचं. तरोटा कोवळाच घ्यायचा, जून झाला की कडू. हुलग्याचं माडगं आठवड्यातून एकदा, रात्रीच्या जेवणाला. गूळ, हुलग्याचं पीठ आणि पाणी, भाकरी चुरून. 72 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, तिथं मिळालेल्या सुकडीवर तिची दोन लेकरं जगली. ती म्हणते, "तवा नव्हतं म्हणून खाल्लं. आता हाय, तर लेकराला आधी द्या, बाईला पण द्या, मंग पैसं मोजा."

जालना

काल सगळे एकदम बसलो. सासूबाई थोड्या गप्प होत्या. भाकरी आठ होत्या, मेथीची भाजी पातेल्यात मधे. मुलगा म्हणाला, आई तू कधी घेणार, तर मी म्हणाले, ही घेतली.

परभणीच्या ताई, येसराचं प्रमाण लिहाल का? आमच्या दवाखान्याचं कर्ज अजून फिटायचंय, तेलात थोडं वाचवता आलं तर बरं.

परभणी, धागा सुरू करणारी

हो, सासूबाईंना विचारूनच लिहिते. बाजरी एक वाटी, गहू एक वाटी, हरभऱ्याची डाळ एक वाटी. धने अर्धी वाटी, सुकं खोबरं पाव वाटी, जिरे दोन चमचे, मिरे आणि लवंगा आठ-दहा, दालचिनीचा बोटभर तुकडा. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, कोरडंच भाजायचं. डाळ बदामी झाली पाहिजे, बाजरी तडतडली पाहिजे. गार झाल्यावर हळद, हिंग घालून गिरणीवर नाहीतर मिक्सरला बारीक. पहिल्यांदा एवढंच करा, महिनाभर जातं. आणि तुम्ही गोळ्या घेताय ना, मग जेवणानंतर लगेच चहा नको, लिंबू पिळून भाजी खा. आमच्या डॉक्टरांनी मला हेच सांगितलं होतं.