मदत हवी आहे: सेरेबेलम (लहान मेंदू) बिघडलेला उंदीर रस्ता का चुकतो? सेमिनार शुक्रवारी आहे

लातूरकर_झूलॉजी
एमएस्सीचा सेमिनार आहे आणि दोन पेपर एकमेकांच्या उलट सांगायलेत. एकात म्हणे उंदराला जागा कळते, पण सरळ जाता येत नाही. दुसऱ्यात म्हणे डोक्यातला नकाशाच बिघडतो. उंदीर तोच! सर म्हणायलेत, सेरेबेलमचं काम तोल सांभाळायचं, रस्ता शोधण्याशी त्याचा काय संबंध? खरं कोणतं? गुगल कर म्हणू नका, करून झालंय.

गोदाकाठ
कोणते पेपर? वर्ष सांगा. "तोच उंदीर" म्हणजे कोणता? प्रयोग उजेडातला की अंधारातला?

मोंढा_परभणी
उंदीर भिंतीच्या कडेनंच पळतो. पिंजरा भिंतीला लावून ठेवा, आत भजं अडकवा. सोयाबीनच्या पोत्यांना आमच्याकडं हाच उपाय चालतो.

फिजिओ_नांदेड
मी रोज असे पेशंट बघतो. सेरेबेलमला मार बसला की माणूस झुलत चालतो, हात नेमक्या जागी जात नाही. मग उंदीर वेळेत पोचणार कसा? सगळा दोष हालचालीचा आहे. सर बरोबर आहेत.

लातूरकर_झूलॉजी
२००५ आणि २०११. उंदरांचा प्रकार एल७-पीकेसीआय. पाण्याची टाकी, मॉरिसची, उंदरानं पोहत जागा शोधायची. उजेड-अंधाराचं आत्ता बघितलं, २०११ मध्ये दोन्ही आहे.

गोदाकाठ
हेच आधी हवं होतं. फिजिओ सर, या उंदरांचा अख्खा सेरेबेलम बिघडलेला नाही. फक्त पर्किंजी पेशींत (सेरेबेलममधल्या मोठ्या चेतापेशींत) पीकेसी हे एन्झाइम रोखणारं पेप्टाइड घातलंय, त्यामुळं तिथल्या सिनॅप्सवर, म्हणजे पेशींच्या जोडांवर, एलटीडी (जोड दीर्घकाळ कमजोर होणं) होत नाही. २०११ मध्ये सुटायची आणि पोचायची जागा ठरलेली होती. उजेडात ते साध्या उंदरांइतकेच नीट पोचले, अंधारात चुकले. पोहताच येत नसतं तर उजेडातही चुकले असते.

फिजिओ_नांदेड
मग २००५ मध्ये उजेडात का चुकले?

गोदाकाठ
तिथं टाकी मोकळी होती, कुठूनही सुटायचं. स्टारमेझमध्ये, म्हणजे जिथं गल्ल्याच वाट बांधून देतात तिथं, तेच उंदीर ठीक होते. म्हणून लेखकांनी मार्ग घासूनपुसून नेमका करण्यात कमतरता आहे का, असं विचारलं. शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे, ते पोस्टरवर वगळू नका.

औरंगपुरा_वाचक
माझं ऐका, पहिली स्लाइड हिप्पोकॅम्पसची, म्हणजे मेंदूतल्या जागेच्या नकाशाच्या भागाची टाका. संशोधक ओकीफ यांना १९७१ मध्ये तिथं प्लेस सेल (ठरावीक जागी गेलं की चालू होणाऱ्या पेशी) सापडल्या, २०१४ मध्ये नोबेल. त्याशिवाय कुणालाच काही कळणार नाही.

फिजिओ_नांदेड
नोबेलनं सरांचा प्रश्न सुटत नाही.

गोदाकाठ
सुटतो, कारण २०११ मध्ये मोजणी त्याच पेशींची आहे. खूण दिसत असेपर्यंत त्या आपापल्या जागी नीट चालतात. खूण काढली, अंधार केला की विस्कळीत होतात. लाइट गेल्यावर आपण पावलांच्या अंदाजानं दारापर्यंत जातो ना, तो अंदाज म्हणजे स्वतःच्या हालचालीचा हिशेब. कानातल्या तोलाच्या अवयवाकडून आणि स्नायूंकडून येणारी माहिती सेरेबेलम जुळवून देतो. म्हणजे सरांचा "तोल"च इथं नकाशाला माल पुरवतो. दोन्ही पेपर खरे: एकाच बिघाडाच्या दोन बाजू, असं मी तरी वाचतो.

लातूरकर_झूलॉजी
हे कळलं! पण सेरेबेलमपासून हिप्पोकॅम्पसपर्यंत नस कुठाय? सर हेच विचारणार.

गोदाकाठ
थेट जोडणी दाखवू नका. स्लाइडवरचा बाण एकापेक्षा जास्त टप्प्यांनी जाऊ द्या. आणि मोंढावाले दादा, तुमची भिंत कामाची आहे: टाकीत सोडलेला नवखा उंदीरही आधी कडेकडेनंच पोहतो. बाकीच्या उंदरांशी तुलना करताना कडेला किती वेळ गेला हे वेगळं बघावं लागतं.

मोंढा_परभणी
ते पाण्यात बुडत नाहीत का?

औरंगपुरा_वाचक
बुडत नाहीत, चांगले पोहतात. पाण्याखाली चौथरा लपवलेला असतो, तो सापडला की त्यावर उभे राहतात.

फिजिओ_नांदेड
अंधाराचं पटलं. पण एलटीडी एवढंच कारण, हे नाही पटलं.

गोदाकाठ
ते पटू नयेच. २०१९ मध्ये पर्किंजी पेशींतलं एलटीपी (एलटीडीच्या उलट, जोड बळकट होणं) बिघडवलेले उंदीर तपासले. त्यांचा नकाशा ओळखीच्या जागी, खुणा समोर असतानाही कधीकधी अख्खाच्या अख्खा फिरायचा. लातूरकर, वेळ उरला तर ही स्लाइड शेवटी ठेवा.