मदत हवी आहे: रीफ टँकमधल्या वाळूवर तपकिरी, चिकट थर

नमस्कार. २०० लिटरची रीफ टाकी (प्रवाळांसाठीची खाऱ्या पाण्याची टाकी) सुरू करून चौथा महिना लागलाय. खडक कोरडे घेतले होते. सायकल (अमोनिया पचवणारे जीवाणू टाकीत तयार होणं) व्हायला जवळपास सहा आठवडे गेले, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच क्लाउनफिशची जोडी सोडली. नंतर शंखातले खेकडे आणि झोअँथिडचा (फुलासारखा उघडणारा, प्रवाळासारखा जीव) एक छोटा तुकडा.

गेले दहा दिवस वाळूवर तपकिरी थर येतोय. सुरुवातीला डायटम (तपकिरी सूक्ष्म शैवाल) समजून सोडून दिलं, नव्या टाकीत ते होतंच. पण हा थर शेंबडासारखा आहे, दोरे सुटतात आणि त्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. रात्री कमी होतो, दिवे लागले की दुपारपर्यंत पुन्हा हजर. झोअँथिड तर दोन दिवस उघडलेलेच नाहीत, त्यांचीच जास्त काळजी वाटते.

पाणी आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं), खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६ अंश, अल्कॅलिनिटी ८ dKH. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य! आधी आनंद झाला होता, आता वाटतं पाण्यात पोषकच उरली नाहीत, तिथेच चुकलं. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चोवीस तास चालू, शिवाय फॉस्फेट शोषणारं माध्यमही लावलं होतं. ते कालच काढलं.

हे डायनोफ्लॅजेलेट (चिकट थर करणारे एकपेशीय सूक्ष्मजीव) असतील का? सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं काय बघायचं? नायट्रेट ५ पर्यंत न्यायला खाणं वाढवू की थेट डोस देऊ? आणि तीन दिवस पूर्ण अंधार केला तर झोअँथिड तग धरतील का? ज्यांनी यातून टाकी बाहेर काढलीय त्यांनी कृपया सांगा.