साठेखत की साटेखत? आणि सौदापावती म्हणजे नेमकं काय?

अमळनेरी
धुळ्यात रिसेलचा फ्लॅट घेतोय, आईबाबांचं नाव सोबत लावायचंय, म्हणून बँकेनं दिलेल्या इंग्रजी यादीचा मराठी तक्ता करतोय, कुठल्या कागदावर कशासाठी सही करतोय ते त्यांना कळायला हवं. सेल डीडला खरेदीखत लिहिलं, त्यात काही वाद नाही. ॲग्रीमेंट फॉर सेलला साठेखत लिहिलं तर बाबा म्हणे ही सौदापावतीच ना. मामा म्हणे नाही, सौदापावती साधी असते, रजिस्टर झालं की साठेखत. त्यात घरात एक जुना कागद सापडला त्यावर चक्क "साटेखत" आहे, ट. तक्त्यात काय लिहू?

तापीकाठ
ट च बरोबर आहे भाऊ. साटं म्हणजे बदल्यात देणंघेणं, साटंलोटं म्हणतो त्यातलंच. गुजरातीत आजही साटाखत म्हणतात, आणि आपल्या शहादा-तळोदा पट्ट्यात व्यापाराची बोली अर्धी गुजरातीच. "घर लिधं" म्हणणाऱ्या अहिराणी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. माझ्या मते सट्टा पण तिथूनच आला.

भुसावळ_जंक्शन
सट्ट्यापर्यंत कशाला जाता. खरेदीसाठी केलेलं खत ते साठेखत, एवढं सरळ आहे. कोर्टात, वकिलाकडे, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात सगळीकडे ठ चालतो. जे चालतं तेच बरोबर.

तापीकाठ
चालतं ते मान्य, पण "साठी"वरून आलं असतं तर साठीखत झालं असतं, साठे कुठून आलं? आणि मग खरेदीखताला कुणी कधी "साठे" का नाही लावलं? ट चा ठ बोलता बोलता होतो.

दस्तलेखक
स्पेलिंगचं तुम्ही ठरवा, मी कामाचं सांगतो, कारण इथे लोक फसतात. वर काय नाव छापलंय त्याला कायदा फार किंमत देत नाही, आत काय लिहिलंय ते बघतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५४: विक्रीच्या करारानं मिळकतीत कुठलाही हक्क तयार होत नाही. म्हणजे साठेखत म्हणा, सौदापावती म्हणा, इसार पावती म्हणा, ते "पुढे विकीन" एवढंच वचन. मालकी रजिस्टर खरेदीखतानंच येते. त्यामुळे मामांचं "रजिस्टर झालं की साठेखत" बरोबर नाही, न नोंदवलेलं साठेखतही साठेखतच, ते कमजोर असतं एवढंच. साठेखतावर ताबा घेतला असेल तर मात्र २००१ च्या दुरुस्तीनंतर ते नोंदवल्याशिवाय कलम ५३अ चं, म्हणजे ताबा टिकवण्याचं, संरक्षण मिळत नाही. आणि समोरच्यानं खरेदी करून द्यायला नकार दिला तर दाव्याची मुदत ३ वर्षं. मी जळगावात अशा लोकांना भेटलोय जे साठेखत कपाटात ठेवून घर आपलं झालं समजून निवांत होते. बिल्डरकडून नवीन घेत असाल तर रेरामध्ये, म्हणजे बिल्डरांवरच्या २०१६ च्या कायद्यात, नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत. तुमचा रिसेल आहे, तिथे हे लागू नाही, म्हणून टोकन देताना जपा.

मायबोली_प्रेमी
सौदा फारसी, खत अरबी, दस्त फारसी. घरासारख्या गोष्टीला आपला एक शब्द नसावा? "विक्रीकरार" लिहा, अर्थ लगेच कळतो.

गिरणाई
दादा, कळतो हे कुणी ठरवलं? आमच्या सोसायटीची जमीन बिल्डरनं कितीतरी वर्षं नावावर करून दिली नव्हती. नोटीस लावली "मानीव अभिहस्तांतरणाबाबत सभा". चार टाळकी आली. पुढच्या वेळी मी स्वतः स्केचपेननं लिहिलं, "बिल्डर देत नाही ती जमीन कायद्यानं सोसायटीच्या नावावर करून घ्यायची आहे", तर जिन्यापर्यंत लोक बसले. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटमालकीच्या, कायद्यात हा हक्क आहे आणि शब्दामुळे तो लोकांपर्यंत पोचत नाही याचा मला खरंच राग येतो. खत, बोजा, उतारा, ताबा हे शब्द माझ्या निरक्षर आजीला कळायचे. ते परके कसे?

मायबोली_प्रेमी
ताई, राग समजतो. पण अभिहस्तांतरण वाईट आहे म्हणून संस्कृतावरून आलेलं सगळंच वाईट असं नाही. खरेदीखत पण कधीतरी नवीनच होतं.

चोपडेकर
आजीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे "मुदतखरेदी" हा शब्द सर्रास. पैसे घ्यायचे, घर लिहून द्यायचं, मुदतीत पैसे फेडले की घर परत. आजोबांनी तसंच केलं, पण कागदावर लिहिलं होतं "कायम खरेदीखत", परतीची अट नुसती तोंडी. सावकारानं घर ठेवून घेतलं. पुढे वकिलानं सांगितलं की १९२९ च्या दुरुस्तीपासून ती अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर व्यवहार गहाण मानतच नाहीत. आजोबा शेवटपर्यंत मुदतखरेदीच म्हणायचे. वर दस्तलेखक म्हणतात नावाला किंमत नाही, पण माणूस नावावरच विश्वास ठेवतो ना?

दस्तलेखक
म्हणूनच म्हणतो आतलं वाचा. वाचून घेतल्याशिवाय अंगठा नको.

तापीकाठ
आतलं वाचायचं तर "जल तरू तृण काष्ठ पाषाण निधी निक्षेप यांसह" हे कुणी वाचतं का? आमच्या फ्लॅटच्या खरेदीखतात पण आहे, तिसऱ्या मजल्यावर! जुन्या इनामपत्रांतला मजकूर जसाच्या तसा उतरलाय. निधी म्हणजे पुरलेलं धन. ते लिहून दिलं तरी १८७८ च्या कायद्यानं १० रुपयांवरचं सापडलेलं धन कलेक्टरला कळवावंच लागतं.

मायबोली_प्रेमी
बघा, हे शब्द संस्कृतच आहेत आणि शेकडो वर्षं टिकलेत. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख शके ११२८ चा, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला दिलेलं दान त्यात कोरलंय, संस्कृतात आणि मराठीतही.

गिरणाई
मराठीत कोरलं कारण ज्यांनी पाळायचं होतं त्यांना कळावं म्हणून, माझा मुद्दा हाच आहे.

अमळनेरी
सगळ्यांचे आभार, पण मी तक्त्यात ट लिहू की ठ?

भुसावळ_जंक्शन
ठ.

तापीकाठ
ट.

एरंडोलवासी
मध्येच घुसतो. आमच्या जुन्या धाब्याच्या घराच्या खरेदीखतात "पन्हाळीचे पाणी उत्तरेच्या बोळात पडण्याची वहिवाट" असं आहे, पन्हाळी म्हणजे छपराचं पाणी वाहून नेणारी नळी. आता शेजारी तिथे भिंत उचलतोय आणि म्हणतो वहिवाट म्हणजे फक्त येण्याजाण्याची वाट, पाण्याची नाही. बरोबर आहे का?

दस्तलेखक
अजिबात नाही. वहिवाट म्हणजे उपभोगाची चालत आलेली रीत, पाण्याचीही असते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात २० वर्षं उघडपणे, विनाअडथळा वापर असेल तर हक्क बसतो, आणि तुमचं तर दस्तातच लिहिलंय. भिंत वर जायच्या आधी नोटीस द्या, दस्ताची नक्कल काढून ठेवा.

चोपडेकर
आमच्याकडे पन्हाळीला पन्हाळच म्हणतात. पन्हाळी कुठल्या भागातली?