हाँगकाँगची माकडं ताणानं मेली म्हणे!

गावठी_व्हेट: कालच्या पोस्टचं उत्तर इथंच देतो. म्हणे ऑक्टोबर 2024 मध्ये हाँगकाँगच्या प्राणिसंग्रहालयात एका दिवसात 8 माकडं मेली ती पिंजऱ्यातल्या ताणानं प्रतिकारशक्ती संपल्यामुळे, सबब सगळी प्राणिसंग्रहालयं बंद करा. अहो, तपासात मेलिऑयडोसिस निघाला, म्हणजे माती-पाण्यातल्या जंतूचा आजार! पिंजऱ्यांजवळ खोदकाम झालं, दूषित माती कामगारांच्या बुटांवरून आत गेली, असा तिथल्या सरकारचा निष्कर्ष आहे. हा जंतू पांढऱ्या पेशींनी गिळला तरी आतच जगतो, वाढतो. उत्तर ऑस्ट्रेलियात मोकळ्या कुरणातल्या शेळ्यामेंढ्या यानंच मरतात. त्यांना कसला ताण?

पिंजरामुक्त: शेळी निदान चरत दुसरीकडे जाते. माकडांना जायला जागा होती? आणि कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सतत चढलेलं असलं की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, हे कॉलेजात शिकवलं नाही का?

गावठी_व्हेट: शिकवलं. पण ताण 8 जणांना एकाच तारखेला मारत नाही.

वेंगुर्लेकर: माकडं गेली खड्ड्यात. माझ्या काकांना मधुमेह. लावणीनंतर ताप, छातीच्या फोटोत डाग, लगेच टीबीच्या गोळ्या. काही महिन्यांत निम्मे झाले. कर्नाटकात नेलं तेव्हा रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात ती तपासणी) हाच जंतू. मग सेफ्टाझिडीम या अँटिबायोटिकची इंजेक्शनं, त्यानंतर कित्येक महिने गोळ्या.

पुणेरी_शंका: एका काकांवरून निष्कर्ष नको. आपल्याकडे असा फोटो दिसला की टीबीच आधी सुचणार.

वेंगुर्लेकर: आधी सुचू दे हो, पण मधुमेही, शेतकरी, पावसाळा, एवढं समोर असताना दुसरं काही सुचूच नये? गुडघाभर चिखलात एक दिवस लावणी करा, मग निष्कर्ष शिकवा!

पुणेरी_शंका: बरं बाबा, काका खरे, पुस्तकं खोटी! कल्चर आधी व्हायला हवं होतं, हे मान्य. पण कित्येक लॅब हा जंतू दिसला तरी साधा स्युडोमोनास (दुसराच एक जंतू) म्हणून सोडून देतात. तेव्हा नुसत्या डॉक्टरला झोडू नका.

वेंगुर्लेकर: म्हणजे लॅबही तशीच. छान.

पिंजरामुक्त: धागा माकडांचा होता. मेलेल्यांत कॉटन-टॉप टॅमरिन जातीची माकडं होती. त्यांच्या एमएचसी वर्ग-1 जनुकांत, म्हणजे प्रतिकारशक्तीला जंतू ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांत, मुळातच वैविध्य कमी. अशांना कोंडून ठेवायचं?

गावठी_व्हेट: टॅमरिनपुरतं ऐकून घेतो. मेलेल्यात डी ब्राझा या दुसऱ्या जातीचं माकडही होतं, त्याचं काय? जंतू बुटावरून आला, तर बूट बदलायला लावा. बाग कशाला बंद करता?

पिंजरामुक्त: बदलायला लावले असते तर हा धागा निघालाच नसता, डॉक्टरसाहेब.