रोज प्रार्थना करते, पण कृपा मिळतेय हे कळायचं कसं?

वसईची_वाडी
प्रभू येशूची स्तुती सगळ्यांना. बरेच दिवस विचारायचं मनात होतं. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून माझा दिवस पहाटे चारला सुरू होतो कारण नळाला पाणी तेव्हाच येतं, मग त्यांचं अंग पुसणं, पेज भरवणं, डबे, आणि धावत वसई रोडला लोकल. रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, मी पाणी भरता भरताच म्हणते. तिसऱ्या रहस्यापर्यंत (माळेच्या एकेका भागाला रहस्य म्हणतात) डोळा लागतो, हंडा भरून वाहायला लागला की जाग येते आणि कुठपर्यंत आले होते ते आठवत नाही. आधी प्रार्थनेत डोळे भरून यायचे, आता सगळं कोरडं. एका प्रार्थनासभेत एक बाई म्हणाल्या, तुझा विश्वास कमी पडतो म्हणून कृपा येत नाही. ते वाक्य डोक्यातून जातच नाही. काय चुकतंय माझं?

अर्नाळा_बंदर
ताई, काही चुकत नाही तुमचं. मी मासेमारीवाला, शिकलोय कमी, पण माझ्या धंद्यातलं सांगतो. आमच्याकडे डोल जाळं असतं. समुद्रात खुंट ठोकलेले असतात, त्यांना जाळं बांधायचं, तोंड पाण्याच्या ओढीकडे उघडं ठेवायचं, बस. आपण माशामागे धावत नाही. भरती ओहोटीच्या ओढीनं बोंबील, करंदी आपसूक आत येते आणि मागच्या निमुळत्या पिशवीत जमते. पाणी आपण ओढू शकत नाही, जाळं बांधायचं तेवढं आपलं काम. आता जाळं पाण्याखाली असताना वरून काय दिसतं? काहीच नाही. पाणी थांबायच्या वेळेला उचललं की कळतं किती आलं. तुम्ही झोपेत का होईना माळ हातात धरता ना, जाळं बांधलेलं आहे तुमचं. आणि येशूचा शिष्य पेत्रसुद्धा रात्रभर राबून रिकाम्या हातानं परत आलेला, तरी प्रभूनं सांगितलं म्हणून परत जाळं टाकलंच की. त्या बाईंचं मनावर घेऊ नका.

वेंगुर्ल्याचा_भाऊ
मी प्रॉटेस्टंट, माळ आमच्यात नाही, तरी लिहितो, चालेल ना. ज्यांनी विश्वास कमी म्हटलं त्यांना इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय दाखवा, आठवं वचन, तारण कृपेनं, देवाचं दान, आपल्या हातचं नाही. दान म्हटलं की मोजमाप संपलं, कोणी किती वेळ जागून प्रार्थना केली यावर ते ठरत असेल तर ती मजुरी झाली. प्रेषित पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे आहे. मला स्वतःला हे पचायला वेळ लागला, माझ्या वडलांच्या आजारपणात मी वर्षभर फक्त बरं कर बरं कर एवढंच मागत होतो आणि रोज सकाळी उठून त्यांच्याजवळ बसायचं बळ मिळत होतं ते मी कृपेत धरलंच नव्हतं.

अजून एक, रानात इस्राएल लोकांना देव आकाशातून द्यायचा तो मान्ना रोजचा रोज मिळायचा, उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे (शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचा, तेवढा अपवाद). म्हणून कालच्या प्रार्थनेतला ओलावा आज शोधू नका. शब्द सुचत नाहीत तेव्हा आमच्या घरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, आमच्याच कोकणातला माणूस, 1861 ला करजगावात जन्म, 1895 ला बाप्तिस्मा. दुसऱ्याचे शब्द उसने घेऊन प्रार्थना केली तरी ती तुमचीच असते.

पापडीची_टीचर
दोघांशी सहमत. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना हेच सांगते की कृपा म्हणजे सुटका असं नेहमी नसतं. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रूसावर गेला, सुटला नाही, आणि 1862 ला चर्चनं त्याला संत म्हटलं. त्याला कृपा नव्हती असं कोण म्हणेल?

ताई, माळेतल्या नमो मरिया प्रार्थनेत आपण मरियेला कृपापूर्ण म्हणतो, म्हणजे देवानं तिला भरलं, तिनं फक्त हो म्हटलं. तुम्ही थकलेल्या आहात, पूर्ण माळेचा हट्ट सोडा. एकच रहस्य म्हणा, सावकाश. रात्री झोपताना संत इग्नासची पद्धत करून बघा, दिवस मागे वळून पाहायचा, कुठे आभार मानावेसे वाटतात ते एखादं तरी शोधायचं, कुठे चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी मदत मागायची. पंधरा मिनिटं नको, पाच पुरतील. आणि रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि कम्युनियन (तिथली पवित्र भाकर घेणं) सोडू नका, घरी बसायला कोणी नसेल तर वाडीतल्या कोणाला तरी सांगा, संकोच करू नका.

वसईची_वाडी
सगळे वाचून रडले, खूप महिन्यांनी. दादा, डोल जाळ्याचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांचं माहेर कोळीवाड्यातलंच. बोलता येत नाही नीट पण डाव्या हातानं माझ्या हातातली माळ ओढून घेतली आणि एक मणी अंगठ्यानं पुढे सरकवला, मग दुसरा. मी नमो मरिया म्हणत होते आणि मणी त्या सरकवत होत्या. एकच रहस्य झालं, टीचर तुम्ही म्हणालात तसं. भाऊ, टिळकांचं एखादं भजन सकाळी म्हणायला सोपं असेल तर सांगा. आता झोपते, चारला पाणी येतं.