कुंडी निघाली, आतला कप निघेना

प्रश्न: सिमेंटची कुंडी ओतली. श्रीखंडाचा डबा बाहेरून, स्टीलचा पेला आतून, मध्ये सिमेंट-वाळू. डबा सुटला, पेला हलत नाही. तेल कमी पडलं का?

शिरोलीवाला: भावा, तेलाचा दोष नाही. पेल्याच्या भिंती सरळ असणार. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओततात तिथे, आम्ही पॅटर्नला (वाळूत ठसा उठवायच्या नमुन्याला) अंश-दोन अंशाचा उतार देतो, तरच तो वाळूतून कड न मोडता निघतो. शिवाय सिमेंट वाळताना आकसतं आणि आतल्या वस्तूलाच आवळतं. निमुळता कागदी कप घे, आत ओली वाळू ठास. नंतर कप फाडायचा.

गंगावेस: नक्षी हवी तर रबरी साचा. गणपतीवाले सोलून काढतात तसा. महाग पडतो, पण नाक शाबूत राहतं!

शिरोलीवाला: आणि साच्यातून काढल्यावर आठवडाभर पाण्यात ठेव. लगेच उन्हात नको.

प्रश्नकर्ता: पेला आईचा आहे हो…

शिरोलीवाला: मग कुंडी फोड.